लोणारचा खडा आणि आईची गारगोटी

परवा पुण्याहून पुतण्याचा फोन आला. दिवाळीच्या सुट्टीत सगळे मिळून लोणारला जाणार आहेत, वाटेत एक मुक्काम पाचोडला. ऐकून आनंदच झाला. घर भरलेलं असलं की बरं वाटतं. मग फोन त्याच्या मुलाने घेतला. वय वर्षे बारा, आणि सध्या स्फटिक जमवायचं वेड.

"आजोबा, लोणारच्या चिखलात गेलुसाइट नावाचा स्फटिक असतो. फार दुर्मिळ! मी डबी आणि छोटं खुरपं आणणार आहे. तुम्ही याल ना शोधायला?"

मी म्हटलं, "खुरपं घरीच ठेव. तिथून काही उचलायचं नाही."

हे मी जरा शाळेतल्या आवाजात म्हटलं असावं. पलीकडे एकदम शांत. मग पुतण्या म्हणाला, "अहो काका, एवढासा खडा, त्याने कुणाचं काय जाणार आहे?" मी काहीतरी बोलून विषय बदलला आणि फोन ठेवला.

रात्री मात्र झोप लागेना. नाही म्हणणं सोपं असतं. का नाही, हे सांगणं मास्तराचं काम, आणि तेच मी केलं नव्हतं. शिवाय त्याला नाही म्हणण्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. फोनवर हे सगळं जमलं नसतं, म्हणून इथे लिहितो. (बाळा, तुझ्या आईला सांग, हे तुला वाचून दाखवायला.)

आधी लोणारची थोडी ओळख, कारण वाचणाऱ्यांत सगळेच आपल्या भागातले नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर म्हणजे काळ्या बसाल्ट दगडात उल्का आदळून झालेला खड्डा. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. इंग्रजांच्या काळात १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे कितीतरी वर्षं लोक याला ज्वालामुखीचं तोंड समजत होते. १९७३ मध्ये तिथल्या दगडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि उल्केची गोष्ट पक्की झाली. वय आधी ५२ हजार वर्षं धरत, नंतरच्या मोजणीत ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास निघालं. अर्थात गावाला हे सांगायला शास्त्रज्ञांची गरज नव्हती. लवणासुर इथे जमिनीत दडून बसला होता, विष्णूने त्याला मारलं, म्हणून दैत्यसूदनाचं देऊळ. राक्षसाच्या नावातच 'लवण' आहे, म्हणजे मीठ. जुन्या लोकांनी पाण्याची चव बरोबर ओळखली होती.

या सरोवराला बाहेर जायला वाट नाही. पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी आत येतं आणि फक्त उन्हाने वर जातं. पाण्याबरोबर आलेले क्षार मागे राहतात. असं हजारो वर्षं चाललंय. म्हणून पाणी खारट तर आहेच, पण समुद्रासारखं नाही, सोड्याचं, बुळबुळीत.

आणि हा खार फार जुन्या काळापासून लोक वापरत आले. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त या जागेचा उल्लेख आहे, काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो म्हणून. १९१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या ला टूश आणि ख्रिस्ती यांनी इथल्या क्षारांवर लेख लिहिला. त्या काळच्या नोंदींत खाराची नावं सापडतात: डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी, मड खार. काय एकेक नाव! खाराचे इतके प्रकार खार काढणाऱ्यांनी हाताने चाचपून, जिभेवर ठेवून वेगळे केले होते. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठावर हा खार धरायचा, तो काढायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा धरायचा. शेतीच म्हणा ना, मिठाची.

आता आपल्या चिरंजीवांचा गेलुसाइट. याचीही गोष्ट मजेची आहे. व्हेनेझुएला देशात मेरिदा भागात लागुनियास नावाच्या गावी लोणारसारखंच एक सोड्याचं तळं आहे. तिथला खार स्थानिक लोक 'उराओ' म्हणून काढत आणि तंबाखूच्या लगद्यात घालत. (आपल्याकडे चुना, तिकडे खार. माणूस सगळीकडे सारखाच!) तळ्याच्या तळाशी चिखलात खिळ्यांसारखे लांबट स्फटिक मिळत. बुसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२६ मध्ये त्यांचं वर्णन केलं आणि गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाच्या नावावरून त्यांचं नाव ठेवलं. सोडियम आणि कॅल्शियम यांचं मिळून कार्बोनेट, आणि त्यात पाण्याचे पाच रेणू बांधलेले.

हे बांधलेलं पाणी फार महत्त्वाचं आहे. शाळेत मोरचुदाचा प्रयोग आठवतो का? निळा खडा परीक्षानळीत तापवला की पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी उरते. त्याला स्फटिकजल म्हणतात. काही स्फटिक तर तापवायचीही वाट पाहत नाहीत. धुण्याच्या सोड्याचा पारदर्शक खडा कोरड्या हवेत नुसता ठेवला तरी त्यावर पांढरी पूड चढते. गेलुसाइटही त्याच जातीचा. चिखलात ओला असतो तोवर काचेसारखा, बाहेर कोरड्या हवेत ठेवला की हळूहळू पांढुरका होत जातो. बरं, पाण्यात ठेवावा तर साध्या पाण्यात तो विस्कटतो आणि मागे चुन्याचा सांगाडा उरतो. म्हणजे त्याला त्याचंच पाणी हवं. माहेरच्या पाण्याशिवाय न जगणारा स्फटिक म्हणा.

आता चूक सांगतो.

१९८३ मध्ये मी मुलांची सहल घेऊन लोणारला गेलो होतो. एस.टी.ची गाडी, पहाटे निघून जालना, मग सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी थांबून दुपारी लोणार. मी भाषेचा शिक्षक, विज्ञानाचा गंध बेताचाच. पण सहकारी विज्ञान शिक्षकांनी एक युक्ती सांगितली होती, ती मुलांना करून दाखवली. हळदीत बुडवून वाळवलेले कागद नेले होते. धारेच्या गोड्या पाण्यात कागद पिवळाच राहिला आणि सरोवराच्या पाण्यात टाकताच लालभडक! मुलांनी टाळ्या वाजवल्या. कमळजादेवीजवळची सासू-सुनेची विहीर दाखवली, एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारट. सासू कुठली आणि सून कुठली यावर मुलींमध्ये वाद झाला.

परतताना काठावरच्या पांढऱ्या पापडीत मला काही काचेसारखे खडे दिसले. मूठभर उचलले, रुमालात बांधले आणि शाळेत आल्यावर एका बरणीत घालून कपाटात ठेवले. मोठा अभिमान होता. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनाही दाखवले.

उन्हाळ्याची सुट्टी संपवून जूनमध्ये कपाट उघडलं तर बरणीत पांढरं पीठ. खडे नाहीतच. आणि त्याहून वाईट म्हणजे बरणीवर मी काही लिहिलंच नव्हतं. कुठून घेतले, काठाच्या कोणत्या बाजूला, किती खोल, कोणत्या तारखेला, काही नाही. पुढे एकदा भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक शाळेत व्याख्यानाला आले. त्यांना बरणी दाखवली. त्यांनी पाहिलं, आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "सर, आता हा फक्त सोडा आहे." मी ते पीठ सिंकमध्ये ओतून दिलं. आजही ते खडे काय होते हे मला सांगता येणार नाही, आणि कुणालाच सांगता येणार नाही. सरोवरात असते तर कदाचित सांगता आलं असतं.

तेव्हा ते अभयारण्य नव्हतं, ते झालं २००० मध्ये. म्हणजे कायद्याने मी गुन्हा केला नाही. पण मन काही कायद्याचं पुस्तक उघडून बसत नाही.

बरणीची ही गोष्ट मला टोचायला लागली ती मात्र फार उशिरा, निवृत्तीनंतर. २०१४ मध्ये लोणारवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भारत आणि जर्मनीतल्या संशोधकांनी सरोवराच्या तळातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा नमुना नळीने काढला होता. गाळ थरावर थर साचत गेलेला, तळाशी जुना, वर नवा. जवळजवळ ११ हजार वर्षांचा हिशेब त्यात होता. आणि काही ठरावीक थरांमध्ये गेलुसाइटचे स्फटिक होते. पाणी फार आटलं, खारेपणा फार वाढला, तरच हा स्फटिक धरतो. म्हणजे ज्या थरात तो सापडला, त्या काळात पाऊस दीर्घकाळ कमी होता. असे दोन मोठे कालखंड निघाले: एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. याचा अर्थ चौदाशे वर्षं पाऊसच पडला नाही असा नाही. पावसाची तूट वारंवार आणि लांबलेली, असा घ्यायचा. या दुसऱ्या काळाच्या एका टोकाला आमच्या तालुक्याचं पैठण सातवाहनांची राजधानी होतं, आणि पुढे त्याच काळात देवगिरीचे यादव होऊन गेले. त्यांच्या ताम्रपटांत दानं आहेत, लढाया आहेत. पावसाची वही मात्र लोणारच्या चिखलात होती, आणि तिची अक्षरं म्हणजे हे खडे.

मंडळी, मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला दुष्काळ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. १९७२ चा मी पाहिलाय, २०१२-१३ आणि २०१५-१६ मध्ये मोसंबीच्या बागा वाळताना पाहिल्यात. पाचोडच्या बाजारात मोसंबीचे ढीग लागतात तेव्हा कुणाला वाटणार नाही, पण त्याच झाडांची लोकांनी डोळ्यात पाणी आणून सरपणासाठी तोड केली आहे. इथला पाऊस पूर्वी कसा वागला हे ज्या पुराव्यावरून कळतं, तो पुरावा आमच्यासाठी शोभेची वस्तू नाही. त्यातलं एक अक्षर खुरप्याने उकरून काढायचं, आणि तेही सहा महिन्यांत डबीत त्याचं पीठ व्हायला, हे मला पटत नाही. माझा विरोध आहे तो एवढ्यासाठी.

आता कुणी म्हणेल, "सर, शेकडो वर्षं लोकांनी तिथून गाडीगाडीने खार नेला, आणि तुम्ही एका पोराच्या डबीचं काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. पण काठावरचा खार दर उन्हाळ्यात नव्याने धरायचा. दहा मीटर गाळातला चार हजार वर्षांपूर्वीचा थर पुन्हा धरत नाही. आणि पूर्वी खार काढणारे होते मोजके, आज येणारे पर्यटक हजारोंनी. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, (मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं,) तेव्हा तर सगळा देश लोणारचे फोटो पाहत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते रामसर यादीत आलं. गर्दी वाढणारच. प्रत्येकाने एकच खडा म्हटलं तरी हिशेब करा.

दुसरा आक्षेप पुतण्याचाच: "काका, मग मुलांनी काही जमवायचंच नाही का?"

जमवावं की! कोण नाही म्हणतं? म्हणून आता दुसऱ्या दगडाची गोष्ट.

आमच्या देवघराशेजारच्या फडताळात एक गारगोटी आहे. गुलाबी झाक, मध्ये दाबून बांधलेल्या पेंढीसारखा आकार. १९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायच्या कामावर जायची. दिवसभर ऊन, हातोडी, संध्याकाळी हजेरी आणि सुकडी. एके दिवशी दगड फुटला आणि आतल्या पोकळीत हे चमकताना दिसलं. आईने पदराला बांधून घरी आणलं. म्हणाली, "एवढ्या काळ्या दगडाच्या पोटात देवानं हे कशाला ठेवलं असंल?" मी तेव्हा कॉलेजात होतो, उत्तर काही देता आलं नाही.

त्या प्राध्यापकांनीच पुढे नाव सांगितलं: स्टिल्बाइट. झिओलाइट कुळातला. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत पुढे गरम पाणी झिरपलं आणि त्यातून हे स्फटिक धरले. या कुळाला 'उकळणारा दगड' अशा अर्थाचं नाव १७५६ मध्ये क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने दिलं, कारण तापवलं की त्यातून पाण्याची वाफ निघते. आपला महाराष्ट्र तर झिओलाइटसाठी जगात नावाजलेला. बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हापासून इथले स्फटिक परदेशी संग्रहांत गेले. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतला निळाशार कॅव्हान्साइट पाहायला जगभरचे संग्राहक तळमळतात. सिन्नरला 'गारगोटी' नावाचं संग्रहालय २००१ पासून आहे, तिथे हे सगळं काचेआड पाहता येतं.

आईची गारगोटी पन्नास वर्षांहून जास्त काळ होती तशी आहे, तिचं पीठ झालेलं नाही. तिने ती उचलली नसती तर ती खडी होऊन रस्त्यात गेली असती. आणि तिच्याबरोबर तिची हकीकत आहे: पाचोडचा शिवार, सडकेचं काम, बहात्तरचा उन्हाळा, सापडली कुणाला. आईला लिहिता येत नव्हतं, पण सांगताना तिने एकही गोष्ट गाळली नाही. मी शिकलेला, पदवीधर, आणि माझी बरणी कोरी!

तेव्हा माझं मत असं आहे. जे नाहीतरी फुटणार आहे, खाणीत, विहिरीच्या मलब्यात, रस्त्याच्या कामात, आणि जे घरात टिकतं, ते मालकाला विचारून खुशाल उचलावं. उचलल्याबरोबर चिठ्ठी लिहावी: गाव, शेत कुणाचं, किती खोल, तारीख, सापडलं कुणाला. चिठ्ठीशिवायचा दगड म्हणजे नाव नसलेलं पत्र. परदेशातल्या जुन्या संग्रहांत म्हणे कितीतरी सुंदर दगडांवर नुसतं 'पूना' लिहिलेलं आहे. कोणता डोंगर, कोणती खाण, पत्ता नाही. आणि जे राखलेलं आहे, जे उचलल्यावर मरतं, आणि ज्याचा अर्थ त्याच्या जागेतच आहे, ते तिथेच ठेवावं.

खारातले स्फटिक काढायची रीतसर सोयही जगात आहे, नाही असं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात सर्ल्स लेक नावाचं आटलेलं खारं सरोवर आहे, काठच्या गावाचं नावच ट्रोना, म्हणजे खार! तिथे रसायनांसाठी खार काढतात, आणि दरवर्षी ऑक्टोबरमध्ये लोकांना बोलावून शुल्क घेऊन स्फटिक वेचू देतात. सहा कोनी हँक्साइट, गुलाबी मीठ. ते धुवायचे तेही तिथल्याच खाऱ्या पाण्यात, साध्या पाण्यात धुतले तर विरघळतात. ती जागा उद्योगाची आहे, उपसा चालूच आहे, तिथे मुलांनी चिखलात लोळून खडे आणावेत. माझी काही हरकत नाही. लोणार ही तशी जागा नाही, एवढंच.

बाळा, आता तुझ्यासाठी. खुरपं नको, पण डबी आण. लोणारला मी येतो तुझ्याबरोबर, उतार उतरायला गुडघे किती साथ देतात ते पाहू. हळदीचे कागद मी करून ठेवतो. वही घेऊन जाऊ, काठावर बसून पापडीचं चित्र काढू, पाण्याची पातळी देवळाच्या मानाने कुठे आहे ते लिहू. गेल्या काही वर्षांत पाणी वाढलंय, त्यामुळे अशा नोंदीही उद्या कुणाच्या तरी कामाला येतील. पाचोडला परत आलो की आपल्या शेजाऱ्यांच्या नव्या विहिरीच्या मलब्यावर जाऊ, त्यांना मी विचारून ठेवलंय. तिथे तुझी डबी उघड. आणि रात्री तुरटीचं पाणी दोऱ्यावर लावून ठेवू, तुम्ही निघायच्या दिवसापर्यंत तुझा स्वतःचा स्फटिक तयार होईल.

जाताना आईची गारगोटी तुला देईन म्हणतो. गेले दोन दिवस मी एकच काम करतोय, तिची चिठ्ठी लिहितोय. वर्ष, जागा, शिवार सगळं लिहून झालं. 'कोणास सापडली' या ओळीवर मात्र पेन थांबलं होतं. आईचं नाव मी आजवर कागदावर फारसं लिहिलेलंच नाही, सातबाऱ्याखेरीज. काल लिहिलं.

असो. तुमच्या घरी असा एखादा दगड असेल आणि त्याची हकीकत सांगणारं माणूस अजून असेल, तर आजच विचारून घ्या.